घंटा झाली तेव्हा काटा कुठे होता?

आमच्या आर्णीत वेळ सांगण्याच्या रीती पुष्कळ आहेत. "माहूरची गाडी गेली का?" असे कुणी विचारले तर त्याला माहूरला जावयाचे असतेच असे नाही, त्याला फक्त किती वाजले ते हवे असते. कुणी पहाटेच्या अजानवर उठतो, कुणी देवळातल्या काकडआरतीवर. शेतात गेलेल्या बाईला झाडाची सावली बुंध्याशी आली की भाकरीची वेळ कळते. आणि कापूस वेचणारीला दिवस किती उरला हे विचारले तर ती वर न पाहता, वेचलेल्या कापसाच्या ओझ्यावरून सांगते. अरुणावतीच्या काठी पिढ्यान् पिढ्या या रीती पुरल्या. त्या पुरत नाहीत ते फक्त एका ठिकाणी, प्रवेशपरीक्षेच्या खोलीत. निदान माझा तरी परवापरवापर्यंत असा समज होता.

मी येथल्या महाविद्यालयात मराठी शिकवतो. डॉक्टर-इंजिनिअर करणाऱ्या प्रवेशपरीक्षांत माझ्या विषयाचा एकही प्रश्न नसतो. तेव्हा, या मास्तराचा या प्रकरणाशी काय संबंध, असे वाचकांनी विचारले तर ते रास्तच होईल. संबंध आहे तो पर्यवेक्षक म्हणून. मौज अशी की, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पर्यवेक्षणाला आले की तेही मनातल्या मनात गणिते सोडवू लागतात. मला प्रश्नपत्रिकेतले काहीच कळत नसल्यामुळे मी तीन तास मुलांचे चेहरे वाचतो.

या वाचनाचा निष्कर्ष सांगावयाचा तर असा: पहिल्या तासात मुले घड्याळाकडे पाहतच नाहीत. दुसऱ्या तासात पाहू लागतात, पण त्या पाहण्यात हिशेब नसतो. रस्त्याने जाताना देऊळ दिसले की आपण हात जोडतो, तसले ते पाहणे. शेवटच्या वीस मिनिटांत मात्र दर मिनिटाला माना वर होतात, आणि प्रत्येक वेळी मान वर करण्यात आणि पुन्हा ओळ सापडण्यात काही क्षण जातात. म्हणजे वेळ थोडा उरला की मुले तो वेळ पाहण्यात घालवतात!

हिशेबाने घड्याळ पाहणारा एकच मुलगा माझ्या चांगला लक्षात राहिला आहे. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. परीक्षा कोणती आणि केंद्र कोठले, हे सांगत नाही. चूक माझी होती, ती एखाद्या गावाच्या माथी मारावयाची नाही. खोलीत चोवीस मुले. फळ्याच्या वर एक गोल घड्याळ. मी आत शिरलो तेव्हा माझ्या घड्याळात नऊ वाजून पन्नास मिनिटे झाली होती आणि भिंतीवरच्या घड्याळात नऊ चव्वेचाळीस. 'सहा मिनिटे मागे आहे, मुलांना सांगितले पाहिजे,' असे मी मनाशी म्हटले. तेवढ्यात शिपाई प्रश्नपत्रिकांचे पाकीट घेऊन आला. मग सील दाखवणे, उत्तरपत्रिका वाटणे, आसनक्रमांक पडताळणे, सह्या घेणे यांत सांगावयाचे राहून गेले. ते राहून गेले हे मला आठवले थेट एक वाजता, शेवटची घंटा झाल्यावर.

शेवटून दुसऱ्या बाकावर तो बसला होता. अंगात नवा पांढरा सदरा. घडीच्या रेघासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या. त्याने सगळी उत्तरे आधी प्रश्नपुस्तिकेत खुणा करून काढली होती आणि उत्तरपत्रिकेतली वर्तुळे काळी करण्यासाठी शेवटचा अर्धा तास राखून ठेवला होता. दर थोड्या वेळाने तो भिंतीकडे पाही, ओठांतल्या ओठांत काही मोजी आणि पुन्हा खाली वाकून एकेक वर्तुळ सावकाश, कडा न ओलांडता भरी. त्याची घाई नव्हती, कारण त्याच्या हिशेबाने वेळ होता.

घंटा झाली तेव्हा त्याची चौदा वर्तुळे भरावयाची राहिली होती. मी जवळ गेलो. त्याने वाद घातला नाही. पेनाने फक्त भिंतीकडे बोट केल्यासारखे केले आणि म्हणाला, "सर, अजून सहा मिन्टं हायेत न जी!"

भिंतीवर बाराला चोपन्न झाली होती.

"ते घड्याळ मागं आहे बाळा," मी म्हणालो, "घंटा झाली म्हणजे झाली." आणि उत्तरपत्रिका घेतली. तो रडला नाही. एकदा घड्याळाकडे आणि एकदा माझ्याकडे त्याने पाहिले आणि प्रवेशपत्र खिशात घालून निघून गेला. मी केंद्रप्रमुखांना यातले काहीही सांगितले नाही, हेही येथे कबूल केले पाहिजे. गठ्ठे बांधावयाचे होते आणि मला यवतमाळहून येणारी शेवटची सोयीची गाडी पकडावयाची होती. वेळेचे हिशेब असे असतात.

सहा मिनिटांनी असे काय बिघडते, असे ज्यांना वाटेल त्यांनी थोडा अंकांचा हिशेब माझ्याबरोबर करावा. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेचे नावच 'नीट'. मराठीच्या शिक्षकाला हा शब्द ऐकून गंमत वाटते; आयुष्यभर आम्ही मुलांना 'नीट वाच, नीट लिही' हेच सांगत आलो. ही परीक्षा प्रथम २०१३ साली झाली. २०२२ ते २०२४ या वर्षांत १८० प्रश्न सोडवण्यासाठी २०० मिनिटे मिळत. २०२५ साली ती वीस मिनिटे काढून घेतली गेली आणि १८० प्रश्नांना १८० मिनिटे उरली. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. आता एक वर्तुळ काळे करावयास पाच सेकंद धरा; १८० वर्तुळांना पंधरा मिनिटे झाली. उरली १६५. म्हणजे प्रश्न वाचणे, समजणे, सोडवणे आणि उत्तर निवडणे या सगळ्यांना मिळून पंचावन्न सेकंद. जुन्या मापाने सांगावयाचे तर चोवीस सेकंदांचे एक पळ. तेव्हा एका प्रश्नाला जेमतेम सव्वादोन पळे! सहा मिनिटे म्हणजे सहा प्रश्न, आणि सहा प्रश्न म्हणजे चोवीस गुण. जेथे एकेका गुणावर मोठ्या रांगा उभ्या असतात, तेथे चोवीस गुणांनी मुलाचे गावच काय, सारा जन्म बदलतो.

ही घाई काही आपल्याच देशाने शोधून काढलेली नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी 'सॅट' नावाची परीक्षा प्रथम झाली ती २३ जून १९२६ रोजी. सुमारे आठ हजार मुले बसली होती. त्यांना ३१५ प्रश्न आणि ९७ मिनिटे दिली होती. म्हणजे दर प्रश्नाला एकोणीस सेकंदसुद्धा नाहीत. सर्वांनी सर्व प्रश्न सोडवावेत अशी अपेक्षाच त्यात नव्हती. पुढे त्या परीक्षेने आपली घाई पुष्कळ कमी केली. २०२४ पासून ती संगणकावर होते आणि ९८ प्रश्नांना १३४ मिनिटे देते. आपल्याकडे मात्र वीस मिनिटे वाढत नाहीत, कमी होतात.

शिवाय आपल्या मुलाच्या मनगटावर घड्याळही नसते. त्याला कारण घडले. २०१५ साली वैद्यकीय प्रवेशाच्या अखिल भारतीय परीक्षेत काही परीक्षार्थींनी कपड्यांत लपवलेल्या उपकरणांवरून उत्तरे मिळवल्याचे उघडकीस आले. सर्वोच्च न्यायालयाने ती परीक्षाच रद्द केली आणि सुमारे सहा लाख तीस हजार मुलांना त्याच वर्षी २५ जुलैला पुन्हा बसावे लागले. त्यानंतर नियमांचा चाप आवळला गेला. पूर्ण बाह्यांचा सदरा गेला, बूट गेले, मनगटी घड्याळही गेले. चोर थोडे होते, पण घड्याळ सर्वांचेच गेले. आता वेळ कळावयाची ती भिंतीवरच्या घड्याळावरून, नाही तर पर्यवेक्षकाच्या तोंडून. पर्यवेक्षक माझ्यासारखा निघाला तर काय होते, ते वर सांगितलेच आहे.

गेलेल्या मिनिटांची भरपाई करता येते का, याचाही प्रयोग आपल्या देशात होऊन गेला आहे. ५ मे २०२४ च्या 'नीट'मध्ये काही केंद्रांवर मुलांचा वेळ वाया गेला. सहा केंद्रांवरच्या १,५६३ मुलांना त्याबद्दल वाढीव गुण देण्यात आले. वाया गेलेला वेळ आणि मुलाचा उत्तरे देण्याचा वेग यांवरून गुण ठरवण्याचे सूत्र त्यासाठी वापरले होते. कायद्याच्या अभ्यासक्रमाच्या २०१८ सालच्या प्रवेशपरीक्षेत संगणकांनी दगा दिला तेव्हा सर्वोच्च न्यायालयापुढे मान्य झालेले हे सूत्र. ४ जूनला निकाल लागला आणि देशभर गदारोळ उठला. शेवटी ते गुण मागे घेण्यात आले आणि २३ जूनला त्या मुलांसाठी पुन्हा परीक्षा झाली. १,५६३ पैकी ८१३ जण बसले. बाकीच्या ७५० जणांनी वाढीव गुण सोडून आपले मूळचे गुण पत्करले. मिनिटाचे गुणांत रूपांतर करण्याचा हा हिशेब कागदावर सोपा होता, पण तो कुणालाच पटला नाही. ज्यांना गुण मिळाले नाहीत ते तर रागावलेच, आणि ज्यांना मिळाले त्यांच्याकडे लोक संशयाने पाहू लागले.

आमच्या मराठीच्या पेपरात हा प्रश्न कधी आला नाही. निबंध अर्धवट राहिला की मूल खाली 'वेळ अपुरा' असे लिही आणि आम्ही दयाबुद्धीने अर्धा गुण टाकत असू. यंत्राला 'वेळ अपुरा' वाचता येत नाही.

असो. या साऱ्याचा घरात विचार करावा लागला तो माझी मुलगी या परीक्षेला बसली तेव्हा. अभ्यासात माझा तिला काडीचा उपयोग नव्हता. जैवरसायनातले मला काय कळणार? पण घड्याळाचे खाते मी आपणहून मागून घेतले. बाजारातून एक पांढरे, गोल, सेलवर चालणारे घड्याळ आणले आणि जेवणाच्या टेबलासमोर टांगले. चैत्र-वैशाखात रोज दुपारी दोन ते पाच ती सरावाची प्रश्नपत्रिका सोडवू लागली, कारण खरी परीक्षाही त्याच वेळेला होती. आमच्याकडची ती दुपार वाचकांना सांगावयास नको. कूलरचा आवाज, मध्येच वीज जाणे, मग घामाने कागदाला चिकटणारे मनगट. सौभाग्यवती म्हणाल्या, "थोडं सकाळी बसू द्या तिला." मी ऐकले नाही.

एके दिवशी मी एक आगळीक केली. तिला न सांगता घड्याळाचा काटा आठ मिनिटे मागे सरकवून ठेवला आणि बरोबर पाचला, माझ्या मनगटावरचे घड्याळ पाहून, ताटलीवर चमचा वाजवला.

"बाबा, अजून आठ मिनिटं आहेत!"

"घंटा झाली."

"पण घड्याळात—"

"घड्याळ मागं आहे."

तिने पेन टेबलावर आपटले. "हे काय केलं तुम्ही? माझे सात प्रश्न राहिले! हा काय खेळ आहे?" तिच्या डोळ्यांत पाणी आले. मला दुसरेच डोळे आठवले. मग मी तिला त्या पांढऱ्या सदऱ्याच्या मुलाची गोष्ट सांगितली. आजवर ती घरात कुणालाही सांगितली नव्हती.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण बाबा, त्याचं घड्याळ चालू होतं ना?"

"चालू होतं. सहा मिनिटं मागं, एवढंच."

"मग ते बरोबरच होतं. पहिली घंटा झाली तेव्हा काटा कुठे होता, एवढंच त्यानं पाहायला हवं होतं. तिथून तीन तास."

वाचकहो, वीस वर्षे पर्यवेक्षण करणाऱ्या मला हे सुचले नव्हते! घंटा झाली तेव्हा भिंतीवर नऊ चोपन्न झाली असतील, तर परीक्षा संपणार बाराला चोपन्न, हा सरळ हिशेब. घड्याळ खरे असण्याची गरज नाही, ते चालू असले म्हणजे पुरे. तो मुलगा फसला तो प्रवेशपत्रावर छापलेल्या एक वाजण्यावर विसंबला म्हणून. आणि छापलेल्या वेळेवर विसंबू नये हे त्याला सांगणारे कुणीच नव्हते, मीही नाही.

मला एकदम आजोळच्या माळ्यावरचे घटिकापात्र आठवले. तांब्याची लहानशी वाटी, बुडाला सुईएवढे छिद्र. लग्नघरी ती पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडीत. छिद्रातून पाणी आत शिरून वाटी बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली. तिला ना काटे, ना आकडे. किती वाजले हे ती सांगतच नाही. आपण पाण्यात सोडली त्या क्षणापासून किती वेळ गेला, एवढेच सांगते. सूर्योदयाला सोडून एकेक घटका मोजीत मुहूर्त गाठावयाचा. तीन तासांची परीक्षा म्हणजे अशा साडेसात घटका. परीक्षार्थीला वाजले किती याच्याशी कर्तव्य नाही, गेले किती आणि उरले किती याच्याशीच आहे. राज्याच्या सीईटीत हीच गोष्ट यंत्र करते. २०१९ पासून ती संगणकावर होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात उरलेला वेळ उलटा मोजला जातो. तेथे भिंतीवरच्या घड्याळाचा मागेपुढेपणा आड येत नाही, पण कमी कमी होत जाणारा तो आकडा पाहून मुलांच्या पोटात गोळा येतो, हे मी चेहऱ्यांवर वाचले आहे.

आता कितीदा पाहावयाचे? याचे उत्तर मला शेतात मिळाले. निंदणाला बसलेल्या बाया आपापली पात धरतात. पात म्हणजे निंदावयाचा पट्टा. त्यांतली एकही दर तणाला सूर्याकडे पाहत नाही. पात बांधाला लागली की कंबर सरळ करावयाची, दिवस किती वर आला ते पाहावयाचे आणि पुढची पात धरावयाची. उशीर झालेला दिसला तर हात थोडा भरभर चालवावयाचा. आपल्या भाषेतही 'तास' म्हणजे साठ मिनिटे आणि 'तास' म्हणजे नांगराची ओळही. वेळ आणि काम यांना आपल्या पूर्वजांनी एकाच शब्दात बांधून ठेवले आहे. मुलीला म्हटले, "पंचेचाळीस प्रश्नांची एक पात. पात संपल्याशिवाय मान वर करायची नाही." नीटमध्ये जीवशास्त्राचे नव्वद, रसायनाचे पंचेचाळीस, पदार्थविज्ञानाचे पंचेचाळीस, अशा चार पाती. तिने जीवशास्त्राच्या दोन पाती आधी घेतल्या, कारण तेथे आकडेमोड कमी. त्या पन्नास मिनिटांत लागल्या की पदार्थविज्ञानाला सावली मिळते. वर्तुळे शेवटी भरण्याऐवजी दर पानाच्या अखेरीस भरावयाची, म्हणजे घंटा झालीच तर चौदा कोरी राहत नाहीत. अडलेला प्रश्न घट्ट मुळाच्या तणासारखा मागे ठेवावयाचा. एका तणापायी पात अडवावयाची नाही.

तेव्हा आरंभी मी जे म्हणालो, की आमच्या गावच्या रीती परीक्षेच्या खोलीत पुरत नाहीत, ते विधान मागे घेतो. त्या पुरतात. शहरातली मुले क्लासमध्ये पैसे भरून जे शिकतात, ते आमच्या मुलांनी आयांच्या पाठीमागे बांधावर बसून पाहिलेले असते. फक्त ते आणि हे एकच आहे, एवढे कुणीतरी त्यांना सांगावे लागते.

परीक्षेच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. दीड वाजता फाटक बंद झाले आणि मी इतर बापांबरोबर लिंबाच्या सावलीत बसलो. कुणी पोथी वाचत होते, कुणी तसबीह ओढत होते, कुणी नुसतेच फाटकाकडे पाहत होते. माझ्या मनगटावर घड्याळ होते आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता. पाचानंतर मुले बाहेर येऊ लागली. ती दिसताच मी विचारले, "घड्याळ बरोबर होतं का गं?"

"कोण जाणे," ती म्हणाली. "मी ते पाहिलंच नाही. घंटा झाली तेव्हा काटा कुठे होता, तेवढं पुस्तिकेच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं."

निकालाचे येथे लिहीत नाही; तो तिचा आहे. माझ्यापुरते सांगतो. अजूनही मी पर्यवेक्षणाला जातो. प्रश्नपत्रिकांचे पाकीट येण्याआधी फळ्याखाली उभा राहतो, भिंतीवरचे घड्याळ माझ्या घड्याळाशी ताडून पाहतो आणि मुलांना मोठ्याने सांगतो, "हे दोन मिनिटं पुढं आहे. पण तुम्ही त्याची काळजी करू नका. घंटा होईल तेव्हा काटा कुठे आहे, ते लिहून ठेवा." मुले हसतात. काही जण लिहितातही. मग मी शेवटून दुसऱ्या बाकापर्यंत जातो आणि तेथल्या मुलाला ऐकू आले की नाही, हे पुन्हा एकदा विचारतो.